हुप्प्याचे पाय ब्राँझचे

(दृश्य : भट्टीचं तोंड. लोखंडी नळीच्या टोकाला नारिंगी गोळा.)

भट्टीतून नुकता काढलेला हा काचेचा गोळा साधारण ११०० अंशांचा आहे. त्यात कोणता रंग मिसळलाय ते आत्ता डोळ्यांना कळत नाही. निळा असो की हिरवा, एवढ्या तापात सगळं नारिंगीच दिसतं. कुठला भाग निवल्यावर कसा उमटणार, ते काच फुंकणाऱ्या उस्तादांच्या डोक्यात पक्कं असतं. त्यांचा एक हात नळी सारखी फिरवत असतो, कारण नळी थांबली की गोळा ओघळलाच. दुसऱ्या हातात चिमटा. शेपटी ओढायला हाताशी थोडेच क्षण, की पुन्हा भट्टीत.

हे इटलीतल्या व्हेनिसजवळचं मुरानो. शहराला आग लागू नये म्हणून १२९१ मध्ये व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या. इथल्याच वेनिनी कारखान्यात, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, नापोलिओने मार्तिनुत्सी या शिल्पकारानं बुडबुड्यांनी भरलेल्या काचेतून प्राणी घडवून घेतले. पण आमचं मन अडकलंय ते पुढच्या पिढीतल्या तोनी झुक्केरी यांच्यात. वडील लुइजी झुक्केरी हे चित्रकार, त्यांच्या चित्रांत पशुपक्षीच फार. मुलगाही पक्ष्यांकडेच वळला, पण कागदावर थांबला नाही. १९६४ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, वेनिनीच्या भट्टीत घडलेले त्यांचे पक्षी मांडले गेले. त्यांत टर्की होती, आणि हुप्प्याही होता.

हुप्प्या आपल्या ओळखीचा. पावसाळा सरला की बेळगावच्या शिवारात, बांधावर चोच खुपसत हिंडणारा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा. कागदावर तो तुरा दोन फटकाऱ्यांत उभा राहतो. काचेत तसं होत नाही. तुरा पातळ, म्हणून झटकन निवतो. पोट जाड, ते आत धगधगतच असतं. या ओढाताणीत काच तडकते. म्हणून पातळ भागाला पुन्हा पुन्हा आच दाखवावी लागते. घडून झाला तरी पक्षी उघड्यावर ठेवता येत नाही. सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून ताप हळूहळू उतरवायचा. जाड नग असेल तर त्यात दिवस जातो, कधी जास्तही. चित्र काढून देऊन घरी निघून जाणाऱ्या चित्रकाराला हे जमणारच नाही. त्याला भट्टीपाशी उभं राहावं लागतं, आणि उस्ताद ‘नाही’ म्हणाले की रेघ बदलावी लागते.

आता पाय बघा. काचेचे नाहीत, ब्राँझचे आहेत. एवढ्या भारी देहाला काचेच्या काड्यांनी किती तोलून धरायचं? म्हणजे एका पक्ष्यात तीन कसबं आली : रेखाटणाऱ्याचं, फुंकणाऱ्याचं आणि ओतणाऱ्याचं.

(दृश्य : उद्यमबाग, बेळगावची कारखान्यांची वसाहत. वाळूच्या साच्यात धातूची धार.)

ओतकाम बेळगावला शिकवायला नको. उद्यमबागेतल्या फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, एकजण करतो, साचा दुसरा भरतो, धातू तिसरा ओततो, आणि तिघांपैकी एकाचा हात चुकला तर माल भंगारात जातो. तिकडे खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली. कर्नाटकी बेंदूर जवळ आला की कुंभारवाड्यात मातीच्या बैलजोड्या मांडल्या जातात. अंगठ्याच्या एका दाबात वशिंड, दोन चिमटींत शिंगं. मुरानोच्या उस्तादांनी ती चिमूट बघितली असती तर त्यांना आपलंच माणूस भेटल्यासारखं वाटलं असतं. काचेचंही मराठी माणसाला वावडं नाही. बेळगावहून पुण्याला जाताना लागणारं कराड स्टेशन ओगलेवाडीतच आहे, आणि तिथल्या काचकारखान्याच्या प्रभाकर कंदिलानं किती घरं उजळली!

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. वेनिनीच्या त्या काळातल्या नगांवर तेजाबानं उमटवलेला शिक्का असतो : वेनिनी, मुरानो, इटालिया. झुक्केरींचं नाव पुस्तकांत, लिलावांत सापडतं. पण तुरा तडकू न देणाऱ्या उस्तादांचं नाव त्या शिक्क्यात कुठेच नाही. ते असायला हवं होतं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

बेळगावात चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींना आमचं एक सांगणं आहे. वही घेऊन खानापूरला जा, कुंभारकाकांच्या शेजारी बसा, बैल काढा, आणि त्यांना तो घडवताना बघून पुन्हा काढा. जोडी तयार झाली की खाली दोघांची नावं कोरा. शिंगं मात्र उद्यमबागेत ओतून घ्या, आणि ओतणाऱ्याचं नाव तिसरं.