रस्ते आखले, माणसे आली नाहीत

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटाचे उपग्रहाने टिपलेले छायाचित्र पाहिले, तर एका ठिकाणी वाळूवर रस्त्यांचे प्रचंड जाळे कोरलेले दिसते. त्यात चौक आहेत, डौलदार वळणे आहेत. बहुतांश भागात घरे मात्र नाहीत. हे कॅलिफोर्निया सिटी. समाजशास्त्राचे माजी प्राध्यापक नॅट मेंडेलसन यांनी १९५८ मध्ये येथे सुमारे ८० हजार एकर जमीन घेऊन महानगराचा आराखडा मांडला. क्षेत्रफळाने हे आज त्या राज्यातील तिसरे मोठे शहर आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या जेमतेम १५ हजार भरली.

अशी शहरे पाण्याअभावी खुंटली, असे आपण सहज म्हणून जातो. पण ॲरिझोनातील फिनिक्स हे मोठे शहरही वाळवंटातच आहे, आणि त्या परिसरापर्यंत कोलोरॅडो नदीचे पाणी नेण्यासाठी शेकडो किलोमीटरचा कालवा खोदला गेला. तेथे लोकवस्ती आधीच मोठी होती, म्हणून एवढ्या खर्चाचा कालवा राजकीयदृष्ट्या शक्य झाला. पाण्याचा प्रश्न खराच आहे. तो कोणासाठी सोडवायचा, हे मात्र त्याआधी ठरावे लागते.

कॅलिफोर्निया सिटीला फसलेले शहर म्हणतात, ते मला अर्धेच खरे वाटते. तेथे विक्रीला शहर नव्हतेच. भूखंड होते, आणि ते मोठ्या संख्येने विकले गेले. कच्चा रस्ता आखायला फारसा खर्च येत नाही. जलवाहिन्या, सांडपाण्याची व्यवस्था, शाळा आणि मुख्य म्हणजे रोजगार उभा करायला येतो. दूर राहणाऱ्यांनी उद्याच्या भाववाढीच्या आशेने जमीन घेतली आणि प्रत्येक जण दुसऱ्याने आधी घर बांधण्याची वाट पाहत राहिला. १९७० च्या दशकात ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने विक्रीच्या पद्धतींवर कारवाई केली, तोवर मालकी असंख्य हातांत विखुरली होती. माझ्या मते खरी गाठ येथे आहे. आराखडा चुकला हे कळूनही तो बदलता येत नाही, कारण एखादा मोठा तुकडा सलग करायचा, तर शेकडो मालक आणि त्यांचे वारस शोधून प्रत्येकाची संमती मिळवावी लागते.

न्यू मेक्सिकोतील रिओ रँचोची सुरुवातही अशीच झाली. ॲमरेप कंपनीने १९६१ मध्ये सुमारे ५५ हजार एकर जमीन घेतली, लहान भूखंड दूरच्या ग्राहकांना विकले, आणि पुढे तिच्या काही अधिकाऱ्यांना फसवणुकीबद्दल शिक्षाही झाली. तरीही आज तेथे एक लाखाहून अधिक लोक राहतात. आल्बुकर्की हे मोठे शहर शेजारी होते आणि १९८० च्या दशकात इंटेलचा कारखाना तेथे चालू झाला. म्हणजे राहायला येणाऱ्याला कामही मिळाले. मात्र विखुरलेल्या भूखंडांचे पट्टे तेथेही विस्ताराला अडसर ठरत आले आहेत.

ॲरिझोनातील आर्कोसांटीत भूखंडांचा व्यवहार नव्हता. वास्तुविशारद पाओलो सोलेरी यांनी १९७० मध्ये दाट, मोटारमुक्त वस्तीचा प्रयोग सुरू केला. नियोजन ५,००० रहिवाशांचे होते, प्रत्यक्ष संख्या शंभराच्या आतबाहेर राहिली. कार्यशाळांना येणारे विद्यार्थी आणि घडवून विकलेल्या कांस्य घंटा यांवर प्रयोगशाळा चालते, शहर चालत नाही. इमारती सुंदर आहेत, हेही सांगायला हवे.

अबू धाबीजवळचे मसदार हे नियोजित शहर २००६ मध्ये जाहीर झाले. ५० हजार रहिवासी आणि चालकाविना धावणारी छोटी वाहने, असा तो आराखडा होता. पूर्ततेची २०१६ ही मुदत पुढे ढकलली गेली आणि त्या वाहनांचे जाळे एका छोट्या टप्प्यावरच थांबवले गेले. तरीही ती वसाहत हळूहळू वाढते आहे, कारण जमीन एकाच यंत्रणेच्या ताब्यात आहे आणि चुकलेला भाग तिला वगळता येतो.

सौदी अरेबियातील ‘द लाइन’ या नियोजित शहराची जमीनही एकहाती आहे, पण तिचा आकारच दुरुस्तीला वाव देत नाही. १७० किलोमीटर लांब, २०० मीटर रुंद अशा या सरळ पट्ट्यात ९० लाख लोक राहतील आणि वेगवान रेल्वेने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला २० मिनिटांत पोहोचतील, असे सांगण्यात आले होते. २०३० पर्यंत त्यातले जेमतेम अडीच किलोमीटर बांधले जातील, अशी वृत्ते २०२४ मध्ये आली. भूखंडांचे शहर अर्धवट राहिले, तरी बांधलेल्या भागात माणूस नीट राहू शकतो. येथे मात्र ज्या वेगवान रेल्वेवर सारी कल्पना उभी आहे, तिला अडीच किलोमीटरच्या तुकड्यात कामच उरत नाही.