करार एका घराशी, पाणी सगळ्या गावाचं

मंडळी, सुरुवात एका झाकणापासून करते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात सस्क्वेहाना नावाची काउंटी आहे आणि तिच्यात डिमॉक नावाचं छोटंसं गाव. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घराच्या अंगणातली पिण्याच्या पाण्याची बोअर फुटली. बोअरवर काँक्रीटची जड लादी होती, तिच्या ठिकऱ्या उडाल्या. सुदैवानं त्या वेळी घरात कुणी नव्हतं. बोअरच्या वरच्या मोकळ्या भागात मिथेन साठत गेला होता आणि त्याला ठिणगी मिळाली. आसपासच्या जमिनींवर त्या सुमाराला नैसर्गिक वायूसाठी जोरात खोदाई चालू होती.

त्या घराच्या नळाचं पाणी आणि शेजारच्याच्या नळाचं पाणी जमिनीखाली एकाच थरातून येतं. वायूचा करार मात्र एकेका घराशी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केला जातो. जमिनीखालचा खडक तडकवून वायू काढण्याच्या या पद्धतीला फ्रॅकिंग म्हणतात, आणि तिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला याच विसंगतीत दिसतं.

आधी खाली नेमकं काय करतात ते बघू. मार्सेलस शेल हा खडक पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो या राज्यांच्या पोटात पसरलेला आहे, अनेक ठिकाणी दीड-दोन किलोमीटर खोल. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत वायू कोंडलेला असतो, पण छिद्रं एकमेकांना नीट जोडलेली नसल्यानं नुसतं भोक पाडून तो वर येत नाही. म्हणून विहीर सरळ खाली नेतात, शेलच्या थरात पोचल्यावर ती आडवी वळवतात, दीड-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही लांब नेतात आणि मग पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबानं आत ढकलतात. खडक तडकतो, वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत आणि वायू वाहू लागतो. मार्सेलसमधल्या एका विहिरीला दीड ते दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, लांब विहिरींना त्याहून पुष्कळ जास्त. ते टँकरनं आणायचं म्हटलं तर एका विहिरीमागे हजाराच्या आसपास खेपा होतात, आणि एकाच जागेवरून सहा-आठ विहिरी मारतात.

मग वायू पिण्याच्या पाण्यात शिरतो कसा? लोकांना वाटतं की खालच्या भेगा वाढत वाढत वर पाण्यापर्यंत येतात. मधे दीड-दोन किलोमीटर खडक असताना असं सहसा होत नाही. घोटाळा होतो तो वरच्या भागात, केसिंगपाशी. बोअर मारल्यावर आत लोखंडी केसिंग पाइप सोडतात. पाइप आणि खडक यांच्यात सगळीकडून बोट-दोन बोटं फट राहते. ती बुजवायला पाइपच्या आतून पातळ सिमेंट खाली सोडतात. ते तळाशी वळतं आणि बाहेरच्या फटीतून वर चढत येतं. हे काम डोळ्यांआड, शेकडो फूट खाली चालतं. सिमेंट आवळायच्या आत त्यातून वायूचे बुडबुडे वर गेले, एखाद्या बाजूला ते पोचलंच नाही किंवा पुढे त्याला बारीक चीर गेली, की वायूला वर यायला वाट मिळते. हा वायू बऱ्याचदा शेलचाही नसतो. वाटेतल्या एखाद्या उथळ थरातला असतो, त्याला फक्त रस्ता सापडलेला असतो.

हे इतकं फोड करून सांगते आहे, कारण 'फ्रॅकिंग' या शब्दावरूनच वर्षानुवर्षं वाद घातला गेला. कंपन्या म्हणत, फ्रॅकिंगमुळे पाणी बिघडल्याचा पुरावा नाही. त्यांच्या लेखी फ्रॅकिंग म्हणजे खडक तडकवण्याचे तेवढेच काही दिवस. गावकऱ्यासाठी मात्र पाणी उपसणं, खोदाई, सिमेंट, टँकर, सांडलवंड, घाण पाण्याची विल्हेवाट हे सगळं मिळून फ्रॅकिंग होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं डिसेंबर २०१६मध्ये आपला अंतिम अहवाल दिला, तेव्हा ही सगळी साखळी विचारात घेतली आणि काही परिस्थितींत तिचा पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो, असं नमूद केलं. त्याआधी २००५च्या ऊर्जा कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या संघीय कायद्यातल्या भूगर्भात द्रव सोडण्याच्या नियमांतून फ्रॅकिंगला सूट दिलेली होती, डिझेल वापरलं तरच नियम लागू. ती सूट आजही आहे. मला ती अन्यायाची वाटते.

आता त्या टेबलाकडे येऊ. कंपनीच्या वतीनं जमिनीचे करार गोळा करणाऱ्या माणसाला तिकडे 'लँडमन' म्हणतात. तो दार वाजवतो, चांगलं बोलतो, शेजाऱ्यांनी सही केलीय म्हणून सांगतो. डिमॉकच्या भागात सुरुवातीला लोकांनी एकरी २५ डॉलरवर सह्या केल्या. दोन-तीन वर्षांत त्याच राज्यात काही ठिकाणी भाव एकरी हजारो डॉलरवर गेला. ज्यांनी आधी सही केली त्यांच्या हाती त्या वाढलेल्या भावातलं काही आलं नाही.

हे लोक लोभी होते असं कृपा करून समजू नका. दुधाच्या धंद्यात पिचलेली, कर्जात बुडालेली शेतकरी कुटुंबं होती त्यांत. वायूच्या पैशांनी कुणाचं गहाण सुटलं, कुणाच्या गोठ्यावर नवं छप्पर आलं. ते पैसे खरे होते आणि गरजही खरी होती. म्हणूनच करारातली कलमं वाचणं इतकं महत्त्वाचं ठरतं.

रॉयल्टीचं, म्हणजे वायूच्या उत्पन्नातल्या जमीनमालकाच्या वाट्याचं कलम घ्या. पेनसिल्व्हेनियात १९७९च्या कायद्यानं जमीनमालकाला किमान एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के रॉयल्टी मिळायलाच हवी. पण साडेबारा टक्के कशाचे? २०१०मध्ये किल्मर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वायू विहिरीतून वर आल्यानंतरचे खर्च, म्हणजे तो सुकवणं, दाबणं, वाहून नेणं, आधी वजा करून उरलेल्यावर रॉयल्टी काढता येते. त्यानंतर अनेकांच्या हाती आलेला चेक इतका रोडावला की कायद्यातली किमान टक्केवारी नावापुरतीच राहिली. खर्च वजा करायचा नाही असं करारात स्पष्ट लिहून घेतलं होतं, त्यांची गोष्ट वेगळी.

दुसरं कलम मुदतीचं. कागदावर पाच वर्षं लिहिलेलं असतं, ते वाचून माणूस निवांत होतो. पण त्याच्या पुढच्या ओळीत असतं, 'आणि त्यानंतर उत्पादन चालू असेल तोपर्यंत'. शंभर एकरांच्या एका कोपऱ्याखालून विहीर गेली तरी उरलेली सगळी जमीन तीस-चाळीस वर्षं त्याच करारात अडकून राहू शकते. ज्या भागातून वायू काढला जात नाही तो मुदत संपल्यावर मोकळा व्हावा, यासाठी 'प्यू क्लॉज' नावाचं कलम असतं. ते मागावं लागतं, कंपनी आपणहून घालत नाही. वायू दाबून पाइपलाइनमध्ये ढकलणारं स्टेशन जमिनीवर उभारायचा हक्क तर एखाद्या अर्ध्या वाक्यात दडलेला असतो. ते इंजिन रात्रंदिवस घरघरत राहतं. घरावर कर्ज असेल तर बँकेची संमती न घेता केलेला असा करार गहाणखताचा भंग ठरू शकतो, हेही बऱ्याच जणांना सही केल्यानंतर कळतं.

आणि सहीच केली नाही तर? इथे अमेरिकेचा जमिनीचा कायदा समजून घ्यावा लागतो. तिथे वरची जमीन एकाच्या मालकीची आणि खालची खनिजं दुसऱ्याच्या मालकीची असू शकतात. पश्चिमेकडच्या राज्यांत १९१६च्या एका कायद्यानुसार सरकारनं पशुपालकांना ६४० एकरांपर्यंत जमिनी दिल्या, पण खाली असलेली खनिजं स्वतःकडे राखून ठेवली. तिथे खनिजाचा हक्क वरचढ मानतात. वायू काढण्यापुरती वरची जमीन वापरू द्यावीच लागते, मग घर तुमचं असो, कुंपण तुमचं असो. काही राज्यांत ठरावीक टक्के जमीनमालकांनी सह्या केल्या की उरलेल्यांची जमीन इच्छेविरुद्ध सह्या केलेल्यांच्या गटात ओढता येते. शेजारच्या जमिनीवरून केलेल्या फ्रॅकिंगमुळे तुमच्याकडचा वायू तिकडे वाहत गेला, तर? जानेवारी २०२०मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ब्रिग्ज खटल्यात सांगितलं की जो वर काढेल त्याचा वायू, हा जुना नियम इथेही लागू आहे. दुसऱ्याच्या हद्दीत विहीर किंवा द्रव घुसवायचा नाही, एवढीच अट. म्हणजे नाही म्हणणाऱ्याच्या वाट्याला धूळ, आवाज आणि धोका येतो, पैसा येत नाही. हे ज्या ठिकाणी लोकांनी ओळखलं तिथे त्यांनी शेजाऱ्यांची मोट बांधली, हजारो एकर एकत्र करून एका वकिलामार्फत बोलणी केली आणि भावही कितीतरी चांगला मिळवला, पाण्याच्या संरक्षणाची कलमंही घालून घेतली.

पाण्याच्या तपासणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण एवढी एकच गोष्ट खोदाईच्या आधी घराघराच्या हातात असते. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२च्या कायद्यानुसार वायूविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, तिचं काम झाल्यापासून बारा महिन्यांत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचा असं गृहीत धरतात. मात्र पाणी आधीपासूनच तसं होतं हे कंपनीनं दाखवलं की ते गृहीतक पडतं. त्या भागात काही बोअरना खोदाईच्या कितीतरी आधीपासून नैसर्गिक मिथेन होताच, त्यामुळे हा मुद्दा हवेतला नाही. म्हणून खोदाईपूर्वीचा नमुना हवा. तो स्वतः बाटलीत भरून नेला तर कोर्टात टिकणं अवघड. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस यायला हवा. त्यानं बोअरच्या सगळ्यात जवळच्या तोटीतून, फिल्टर किंवा सॉफ्टनरच्या आधी, पाणी बराच वेळ वाहू देऊन मग नमुना घ्यायचा. मिथेनसाठी बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर पाण्यात विरघळलेला वायू निसटतो. बाटली कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याची सहीनिशी नोंद. मिथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्राँशियम यांची पातळी त्या कागदावर असली, की पुढे भांडायला पायाखाली जमीन राहते. पैसे लागतात त्याला, शेकडो डॉलर. कंपनी फुकट तपासणी करून देत असेल तरी अहवालाची पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवावी.

बेरियम आणि स्ट्राँशियम का, तर आत सोडलेल्या पाण्याचा काही भाग परत वर येतो तो खोल खडकातलं मीठ, हे धातू आणि रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्यं घेऊन. त्याचं करायचं काय, हा प्रश्न तिथे अजूनही पुरता सुटलेला नाही. पुष्कळ ठिकाणी ते खोल विहिरींत परत दाबतात. ओक्लाहोमात २००९च्या आधी तीन किंवा अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला एक-दोन होत. २०१५ साली नऊशेच्या आसपास झाले. ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा झाला. ते दाबलेलं पाणी बहुतांश तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी होतं, फ्रॅकिंगचा वाटा त्यात थोडा. पण ज्याच्या घराची चिमणी कोसळली त्यानं कुणाशी कसलाच करार केलेला नव्हता.

मग गावानं एकत्रितपणे नाही म्हणायचं ठरवलं तर चालतं का? ते राज्यावर अवलंबून आहे. न्यू यॉर्कमधल्या ड्रायडन या गावानं २०११मध्ये जमीनवापराच्या स्वतःच्या नियमांत बदल करून वायूची खोदाई बंद केली. कंपनी कोर्टात गेली. ३० जून २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं गावाचा हक्क मान्य केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात राज्यानंच फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली. टेक्सासमधल्या डेंटन शहरात नोव्हेंबर २०१४मध्ये मतदारांनी स्पष्ट बहुमतानं बंदी आणली, तर सहा-सात महिन्यांत राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. डेंटनला आपली बंदी मागे घ्यावी लागली. त्या मतदारांचं दुःख मला नीट समजतं. नियमाप्रमाणे सह्या गोळा केल्या, मतदान केलं, जिंकले, आणि तरी यंत्रं परत आली.

गावातल्या माणसांचं आपसात काय होतं, याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्याला रॉयल्टी मिळते तो आणि ज्याचं पाणी गढूळ झालं तो, दोघं एकाच चर्चमध्ये जातात. भाडेकरूला तर रॉयल्टीही नाही आणि बाहेरून आलेल्या कामगारांमुळे भाडं मात्र वाढतं. नुकसानभरपाई मिळते तीही पुष्कळदा तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मग पुढच्या गावात लँडमन जातो तेव्हा तिथल्या लोकांना मागच्या गावात काय घडलं ते सांगायला कुणी मोकळं नसतं. माझ्या मते या गप्प राहण्याच्या अटींनी केलेलं नुकसान कुठल्याही रसायनाहून कमी नाही, कारण त्यांनी शेजाऱ्याला शेजाऱ्याचा अनुभव मिळू दिला नाही.

डिमॉकमध्ये पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते. २०१०मध्ये राज्यानं त्या गावाभोवतीच्या नऊ चौरस मैलांच्या पट्ट्यात तिथे विहिरी मारणाऱ्या कॅबट कंपनीला नवी खोदाई करायला मनाई केली. गावापर्यंत पाण्याची पाइपलाइन आणायचं ठरलं, ते बारगळलं. त्याऐवजी कुटुंबांना एकूण सुमारे ४१ लाख डॉलर द्यायचा समझोता झाला. अंगणात पाण्याच्या टाक्या आल्या, बाटल्यांचे खोके आले, वर्षं गेली. नोव्हेंबर २०२२मध्ये त्या कंपनीची वारसदार असलेल्या कोटेरा कंपनीनं फौजदारी खटल्यात आरोपाला आव्हान न देण्याची भूमिका घेतली आणि नव्या जलवाहिनीसाठी सुमारे १ कोटी ६३ लाख डॉलर, शिवाय बाधित घरांची पुढच्या ७५ वर्षांची पाणीपट्टी भरायचं कबूल केलं. आणि त्याच सुमाराला, त्या नऊ चौरस मैलांखालून आडव्या विहिरी न्यायला तिला परवानगीही मिळाली.