हस्तिदंतातला मेंढपाळ

जुन्या गोव्यात, सांता मोनिका कॉन्व्हेंटच्या, म्हणजे नन्सच्या जुन्या मठाच्या, भक्कम भिंतींआड ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते राशोल गावच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झालं आणि पुढे इथे हललं. जुन्या वस्तू जमवण्याची आवड असलेल्यांनी बाजारात शिरण्याआधी इथे यावं. डोळा तयार होतो तो अशाच जागी.

बायबलमध्ये येशू स्वतःला ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणवतो. सतराव्या शतकात गोव्यात या विषयावर हस्तिदंती मूर्ती घडत. जेमतेम वीतभर उंचीच्या. बाळ येशू मेंढपाळाच्या वेशात बसलाय. डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, मांडीवर कोकरू. खाली डोंगर, डोंगरात झरा, आणि पायथ्याच्या गुहेत आडवी पहुडलेली येशूची शिष्या मेरी मॅग्डालीन. कल्पना बायबलमधली. पण ती शांत, ध्यानस्थ मुद्रा पाहा! ती इथल्याच मातीतली वाटते.

हे हात कोणाचे? नावं कुठेच कोरलेली नाहीत. पण १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती हिंदू कारागिरांकडून करवून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागली, म्हणजे काम त्यांच्याकडे जात होतंच. हस्तिदंत बराचसा आफ्रिकेतून समुद्रमार्गे यायचा, आणि घडलेल्या मूर्ती पोर्तुगालला जायच्या. लंडन आणि लिस्बनच्या संग्रहालयांत त्या आजही दिसतात. मला तर त्या निनावी कारागिरांचंच मोठं अप्रूप वाटतं.

केसांच्या कुरळ्यांत, वस्त्राच्या काठाला कधी सोनेरी मुलाम्याचा, रंगाचा अंश उरलेला असतो. मळ समजून तो घासून काढला, की मूर्तीचं मूळ रूप कायमचं गेलं.

अशी मूर्ती विकत घ्यायचा विचार मात्र करू नका. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

जमवण्याजोगं इतर पुष्कळ आहे. जुनी घरं पाडली जातात तेव्हा कोरीव लाकडी दारं, पितळी समया, तांब्याची तपेली मोडीत निघतात. त्यातलं काही घेताना किमतीआधी विचारा: कुठल्या गावची? कुठल्या घरातली? देवघरात होती की स्वयंपाकघरात? उत्तर मिळालं, की त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधा. आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर हात आखडता घ्या. देवळातून, चॅपेलमधून चोरलेला मालही याच वाटेने बाजारात येतो.