एप्रिलमधली गंगा

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात बातम्यांत आपण ऐकतो, अमुक धरणातून इतके हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला इतके हजार घनफूट, पाणी सोडलं. आज बोलायचं आहे ते भर उन्हाळ्यातल्या क्युसेकांबद्दल, गंगेच्या.

पश्चिम बंगालमध्ये फराक्का इथे १९७५ पासून गंगेवर बॅरेज, म्हणजे दारं असलेला मोठा बंधारा, चालू आहे. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून इथून ४०,००० क्युसेकपर्यंत पाणी कालव्याने हुगळीकडे वळवायचं ठरलं. उरलेली गंगा बांगलादेशात जाते आणि तिथे तिची पद्मा होते.

१२ डिसेंबर १९९६ रोजी भारताचे तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी फराक्क्याचं पाणी वाटून घेण्याच्या ३० वर्षांच्या करारावर सह्या केल्या. आपल्याकडे कालव्याला पाणीपाळी असते ना, तसाच हा हिशेब. १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांच्या पाळ्या. फराक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी आलं, तर निम्मं-निम्मं. ११ मार्च ते १० मे हे सगळ्यात कडक दिवस. तेव्हा ३५,००० क्युसेकची हमी एका पाळीला बांगलादेशाला, पुढच्या पाळीला आपल्याला. एप्रिलचे पहिले दहा दिवस त्यांचे, नंतरचे दहा आपले.

भांडणाऱ्या शेजाऱ्यांनी इतकं बारकाईने पाणी वाटून घ्यावं, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण कराराचं कोष्टक बेतलं आहे १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर. आणि पाणी ५०,००० क्युसेकच्या खाली गेलं तर काय? तातडीने चर्चा करायची, एवढंच. १९७७ च्या करारात बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या किमान ८० टक्के पाण्याची हमी होती. ती १९९६ मध्ये राहिली नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

कुष्टियाजवळ पद्मेतून गोराई फुटते. खुलना आणि सुंदरबनाकडे गोडं पाणी नेणारी ही नदी. उन्हाळ्यात पद्मा उतरली की गोराईच्या तोंडाशी वाळूचे दांडे उघडे पडतात, आणि खाली समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. खारट पाणी भाताच्या खाचरात शिरलं की काय होतं, हे कोकणातल्या खाजणवाल्याला सांगायला नको.

१९९६ च्या कराराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. नव्या करारात अलीकडच्या वर्षांचा प्रवाह धरावा आणि एप्रिलसाठी दोन्ही देशांना किमान पाण्याचा आकडा लिहून द्यावा. फराक्का आणि बांगलादेशात पद्मेवरचा हार्डिंज पूल इथे दोन्ही देशांची माणसं मिळून पाणी मोजतातच. ते आकडे मुर्शिदाबादच्या आणि कुष्टियाच्या शेतकऱ्याला रोज रेडिओवर ऐकू यावेत, आपल्याला धरणांचे येतात तसे.