छातीवरचं पुराण

(पडद्यावर आयाक्सच्या 2024-25 पर्यंतच्या जर्सीचा क्लोजअप, बॅजवरचे टाके दिसतायत)

हा बॅज बघा. ग्रीक योद्ध्याचं डोकं आहे, आणि नीट मोजलं तर सगळं डोकं फक्त 11 रेषांत बसवलंय. 11 रेषा म्हणजे मैदानातले 11 प्लेअर. ॲमस्टरडॅमचा आयाक्स हा फुटबॉल क्लब 1900 साली सुरू झाला तेव्हा लोगोवर साधा एक फुटबॉलपटू होता, योद्धा आला 1928 ला. तो जुना चेहरा चांगला भरगच्च होता, मग 90 च्या दशकाच्या सुरुवातीला तो कमी करत करत या 11 रेषांवर आणला.

आता हा आयाक्स कोण, तर ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांकडून लढणारा धिप्पाड गडी, हातात सात बैलांच्या कातड्यांची ढाल, ट्रॉयच्या हेक्टरशी एकट्याने भिडला आणि अंधार पडेपर्यंत दोघांतलं कोणीच हटलं नाही. इथपर्यंत मस्त. पण पुढे ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस मेल्यावर त्याचं चिलखत कोणाला द्यायचं यावरून वाद झाला, ते मिळालं ओडिसियस नावाच्या दुसऱ्या ग्रीक वीराला, आणि आयाक्सचं डोकंच फिरलं, शत्रू समजून त्याने गुरंढोरं कापली, शुद्धीवर आल्यावर लाजेने स्वतःला संपवलं, तेही हेक्टरनेच भेट दिलेल्या तलवारीवर. म्हणजे क्लबला नाव कोणाचं दिलं, तर हरलेल्या माणसाचं! पण लोगोवर ना तलवार, ना गुरं, नुसता ताठ मानेचा चेहरा. लोगोवाले असंच करतात, आख्खी गोष्ट घेतच नाहीत, त्यातला कामाचा तेवढा तुकडा उचलतात.

(बर्गामोचं स्टेडियम, निळे-काळे झेंडे)

इटलीत बर्गामोला अटलांटा नावाचा क्लब आहे, 1907 चा. बॅजवर एका बाईचं डोकं, केस मागे उडतायत. बास, एवढंच, पण त्या केसांमुळे कळतं की ही पळतेय. पाय दाखवलेच नाहीत तरी वेग दिसतो, डिझाइन म्हणून मला तर हा आयाक्सपेक्षा भारी वाटतो. ही ग्रीक पुराणातली अटलांटा, हिची अट अशी की शर्यतीत मला हरवेल त्याच्याशीच लग्न करीन, आणि हरला की जीव गेला. शेवटी एकाने पळता पळता सोन्याची तीन सफरचंदं टाकली, ही ती उचलायला वाकली आणि शर्यत हरली. बॅजवर सफरचंद शोधून सापडणार नाही, कोण लावेल हो! फॅन तिला प्रेमाने देवीच म्हणतात, खरं तर ती देवी नाहीच, पण 2024 मध्ये युरोपा लीगच्या फायनलला याच टीमने जर्मनीच्या लेव्हरकुसेन क्लबला 3-0 ने उडवलं, आणि ती लेव्हरकुसेन तोवर 51 मॅच हरलेली नव्हती. त्या रात्री बर्गामोत देवी म्हणू नका असं सांगायची कोणाची हिंमत होती?

(वानखेडे, निळा समुद्र झालेली गॅलरी)

आपल्याकडे मात्र चेहऱ्याचं काम अवघड. ग्रीकांच्या त्या वीरांना आज कोणी हार घालत नाही, उदबत्ती लावत नाही, म्हणून त्यांचं तोंड जर्सीवर छापलं तरी चालतं. आपल्या देवाचं तोंड घामाने भिजलेल्या, मातीत लोळलेल्या जर्सीवर लावा, दुसऱ्या दिवशी मोर्चा येईल, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते बघवणार नाही. मग वाट काय, तर देव बाहेर ठेवायचा आणि त्याच्या हातातलं घ्यायचं. मुंबई इंडियन्सच्या लोगोत सुदर्शन चक्र आहे, पण विष्णू नाही की कृष्ण नाही, बोटसुद्धा नाही, नुसती गरगर फिरणारी धारदार पाती. भक्ताला चक्र दिसतं, बाकीच्यांना एक खतरनाक फिरतं ब्लेड, दोघंही खूश.

(इंडोनेशियाच्या जर्सीचा क्लोजअप)

विष्णूचं वाहन तर केवढं लांब पोचलंय बघा. इंडोनेशिया मुस्लिमबहुल देश, पण राष्ट्रचिन्ह गरुड, फुटबॉल टीमलाही लोक गरुडच म्हणतात, आणि हे राष्ट्रचिन्ह जर्सीवर छातीशी झळकलंय. त्याच्याही पाठीवर विष्णू नाही, छातीवर ढाल आहे. पण इथे पिसं मोजलेली आहेत: प्रत्येक पंखाला 17, शेपटीला 8, ढालीखाली 19 आणि मानेला 45, म्हणजे 17 ऑगस्ट 1945, त्यांच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस. बॅजच्या साइजला ही पिसं टीव्हीवर कोणाला दिसणार, शिवणाऱ्याचे मात्र हाल. आयाक्सवाल्यांना रेषा कमी करणं जमलं, आणि 2025-26 च्या सीझनला त्यांनी जुना भरगच्च चेहरा परतही आणला, त्यांचं काही अडलं नाही. गरुडाचं एक पीस काढून बघा, लगेच तारीख चुकली.