फुंकर मारलेल्या कॅसेटमधला जपान

नमस्कार श्रोतेहो.

२३ जुलै २०२१. आपल्याकडे दुपार कलत होती आणि टोकियोत ऑलिम्पिकचं उद्घाटन सुरू होतं. करोनामुळे खुर्च्या रिकाम्या, आणि मैदानात एकेका देशाचा संघ शिरतोय. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन आले तेव्हा आपले डोळे त्यांच्यावर खिळले होते. मागे वाजणाऱ्या संगीताकडे कुणाचं लक्ष जाणार? पण जगभरात कितीतरी जण ते संगीत ऐकून टीव्हीसमोर ताठ उठून बसले. संचलनाला सुरुवात झाली ती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमच्या तुताऱ्यांनी, आणि पुढेही सगळे देश चालत राहिले ते ‘फायनल फँटसी’, ‘सॉनिक’, ‘मॉन्स्टर हंटर’ अशा खेळांच्याच सुरांवर.

ज्या देशाकडे कोतो आणि शामिसेनसारखी तंतुवाद्यं आहेत, शतकानुशतकं जपलेलं दरबारी संगीत आहे, त्यानं जगाच्या स्वागतासाठी निवडलं काय, तर पोरांच्या खेळातलं संगीत! मला ही निवड अगदी रास्त वाटते. का वाटते, तेच आज सांगायचं आहे.

१९९०मध्ये जोसेफ नाय या अमेरिकन अभ्यासकांनी ‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द रूढ केला. दुसऱ्याला धाक घालायचा नाही, पैसाही चारायचा नाही. त्याच्या मनात आपली ओढ लावायची, त्या ओढीतून मिळणारं हे बळ. या बळाचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण आमच्याच घरात होतं.

नव्वदच्या दशकात एका दिवाळीला आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम आला. पिवळी कॅसेट, दोन रिमोट, आणि त्यांवरून मी आणि माझा भाऊ यांच्यातली रोजची भांडणं. चित्र आलं नाही की कॅसेट काढायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची, आणि पुन्हा दाबून बसवायची. ते आमचं शास्त्रच होतं! नाक्यावरच्या पार्लरमध्ये मोठी मुलं नाणं टाकून ‘मुस्तफा’ खेळायची. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३मध्ये काढला. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून आपल्याकडे अख्खा खेळच मुस्तफा झाला.

हे सगळं जपानी आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. आणि आमच्या घरातलं यंत्र तरी अस्सल कुठे होतं? क्योटोच्या निंटेंडो कंपनीनं १९८३मध्ये काढलेल्या ‘फॅमिकॉम’ची ती नक्कल. निंटेंडोला आमच्याकडून एक छदामही मिळाला नसणार. रशियात अशीच नक्कल ‘डेंडी’ या नावानं घरोघर पोचली. दक्षिण कोरियात तर जपानी सिनेमा आणि गाण्यांना बंदी होती. ती १९९८पासून टप्प्याटप्प्यानं उठली, पण निंटेंडोचं यंत्र त्याच्या कितीतरी आधी, १९८९मध्येच, ह्युंदाईच्या नावानं कोरियन घरांत शिरलं होतं. दाराशी जपानला मज्जाव, आणि आत मुलं मारिओ खेळतायत!

मारिओवरून जपान ओळखू येणार तरी कसा? तो इटालियन नावाचा मिशाळ प्लंबर. त्याच्या मिशीचीही गोष्ट आहे. १९८१मध्ये निंटेंडोत खेळ रचणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी तो काढला तेव्हा पडद्यावर ठिपके इतके मोजके मिळायचे, की तोंड काढायला जागाच नव्हती. म्हणून नाकाखाली मिशी दिली, आणि केस काढायला नकोत म्हणून डोक्यावर टोपी चढवली. जपानी अभ्यासक कोइची इवाबुची म्हणतात, की जपाननं बाहेर पाठवलेल्या अशा वस्तूंना जपानचा गंधच नव्हता. चेहऱ्यापुरतं ते खरं आहे. पण मला वाटतं, गंध होता. तो नाकाला कळत नव्हता इतकंच.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे ते सांगावं लागत नाही. समोरून कपाळाला आठ्या घातलेलं एक बुटकं येतं. घाबरून उडी मारली की वरची वीट डोक्याला लागते, तिच्यातून अळंबी निघते, आणि ती टाळू म्हटलं तरी बहुतेक वेळा अंगावर येतेच. मारिओ मोठा होतो. एक अक्षर न वाचता मूल खेळाचे नियम शिकून मोकळं. आणि तो सगळा खेळ मावला होता ४० किलोबाइटमध्ये! जागा वाचावी म्हणून आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच आकृतीची. फक्त रंग वेगळा. संगीतकार कोजी कोंडो यांच्या हाताशी तीन सुरेल आवाज आणि तालाला एक खरखर, एवढंच होतं. त्यातून बांधलेली ती चाल २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. गेमच्या संगीताला तिथे मिळालेलं हे पहिलं स्थान. थोडक्यात पुरवायचं आणि त्यातच देखणं करायचं, हा जपानी हाताचा गुण आहे.

मियामोतो क्योटोजवळच्या सोनोबे गावात वाढले. लहानपणी रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत शिरले. पुढे त्यांच्याच ‘झेल्डा’ या खेळात जगभरची मुलं गुहा धुंडाळत फिरली, ती याच आठवणीतून. ‘पोकेमॉन’ हा खेळ रचणारे सातोशी ताजिरी टोकियोच्या कडेला माचिदात किडे पकडत मोठे झाले. त्यांच्या डोळ्यांदेखत शेतं गेली, इमारती उठल्या, किडे नाहीसे झाले. मग दोन गेमबॉय, म्हणजे निंटेंडोची हातात धरून खेळायची यंत्रं, जोडणारी वायर त्यांनी पाहिली, आणि त्यांना दिसलं, की त्या वायरवरून किडे इकडून तिकडे जातायत. १९९६मध्ये खेळ आला तो एकदम दोन आवृत्त्यांत. कुठल्याही एकीत सगळे प्राणी नाहीत, म्हणजे मित्राशी अदलाबदल केल्यावाचून गत्यंतर नाही. जाळी घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत भुंगे पकडणारा जपानी मुलगा आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर हिंदी बोलत आला, आणि आपण त्याला घरचा मानला.

सरकार आलं ते फार मागून. जपानी संस्कृती बाहेर विकण्यासाठी निधी उभा राहिला २०१३मध्ये. २०१६मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या समारोपात पंतप्रधान शिंझो आबे मारिओची लाल टोपी घालून हिरव्या नळातून वर आले. त्यांनी मारिओला मोठं केलं नाही. मारिओची पुण्याई त्यांनी वापरली. आणि या पुण्याईलाही मर्यादा आहेत. कोरियातली, चीनमधली मुलं हे खेळ खेळत वाढली, म्हणून काही महायुद्धाच्या जखमा तिथे विसरल्या गेल्या असं झालं नाही.

पण ओढ खरी असली की काय घडतं, ते त्सुशिमा बेटावर दिसलं. १२७४च्या मंगोल स्वारीवरचा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा खेळ २०२०मध्ये आला, आणि तो बनवला अमेरिकन मंडळींनी. त्याच वर्षी वादळात बेटावरच्या वाताझुमी मंदिराचं तोरी, म्हणजे त्यांचं प्रवेशद्वार, कोसळलं. लोकांकडे ५० लाख येन मागितले होते. जमले त्याच्या पाचपटींहून जास्त. देणाऱ्यांत हा खेळ खेळलेले कितीतरी जण होते.

त्याच २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ हा खेळ आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली एक मुलगी. हा खेळ सगळ्यात आधी आला तो निंटेंडोच्या स्विचवर, या वेळी अस्सल यंत्रावर. परवा भावाच्या मुलासोबत मी तो खेळत होते. रिमोट अर्थातच त्याच्याकडे. पडद्यावर राजी एका पडक्या भिंतीवरून सरसर चढली, आणि तो मान न वळवता म्हणाला, “आत्या, हिच्या हातात त्रिशूळ आहे बघ!”