शिपकात सगळं शांत आहे

एक पहारेकरी उभा आहे. अंगात जाड डगला, खांद्याला बंदूक, भोवती बर्फाचं वादळ. दुसऱ्या चित्रात तो आक्रसून गेलाय, बर्फ पायांवर चढलंय. तिसऱ्या चित्रात तो दिसतच नाही. नुसता बर्फाचा ढीग.

रशियन चित्रकार वासिली वेरेश्चागिनची ही तीन चित्रं. नाव, 'शिपकात सगळं शांत आहे'. हे शब्द त्याचे नाहीत. १८७७च्या हिवाळ्यात खिंडीतून रशियन जनरल रादेत्स्की वरिष्ठांना हाच निरोप धाडत होते, आणि त्यांची माणसं पहाऱ्यावर उभ्या उभ्या गोठत होती.

शिपका ही बल्गेरियातली, बाल्कन डोंगररांगेतली खिंड. घरापासून एवढ्या लांब हे रशियन शिपाई आले कशाला?

काळ्या समुद्रासाठी. या समुद्रातून बाहेर पडायची वाट इस्तंबूलच्या दारातून जाते, आणि ते दार तुर्की सुलतानाच्या ताब्यात. १६९६मध्ये रशियाच्या झार पीटरनं तुर्कांचं आझोव्ह ठाणं घेतलं, १७११मध्ये ते परत द्यावं लागलं. सम्राज्ञी कॅथरीननं १७७४च्या तहात किनाऱ्यावर पाय रोवला, १७८३मध्ये क्रिमिया गिळला. पुढे १८५३च्या युद्धात ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूनं उतरले, रशिया हरला. १८७६मध्ये तुर्की सत्तेविरुद्धचं बल्गेरियातलं बंड तुर्कांनी निर्दयपणे चिरडलं. त्या निमित्तानं एप्रिल १८७७मध्ये रशियन फौजा पुन्हा निघाल्या.

जुलैत शिपका त्यांच्या हाती आली. ऑगस्टमध्ये तुर्की सेनापती सुलेमान पाशा कितीतरी मोठी फौज घेऊन चालून आला. खिंड लढवत होते थोडे रशियन आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून बल्गेरियन स्वयंसेवक. २३ ऑगस्टला काडतुसं संपली. मग दगड लोटले, ओंडके लोटले. तेही पुरेनात, तेव्हा आपल्याच मेलेल्या सोबत्यांची प्रेतं उतारावरून खाली ढकलली. संध्याकाळी कुमक आली ती कोसॅकांच्या, म्हणजे रशियन घोडेस्वारांच्या, घोड्यांवरून, एकेका घोड्यावर दोघं-दोघं. खिंड राहिली.

पण समोरच्या उतारांवरही माणसंच होती. अनातोलियातल्या खेड्यांतून आलेले तुर्की शिपाई. थंडीनं त्यांनाही सोडलं नाही. आणि रशियन फौजा पुढे सरकल्या तशी लाखो मुसलमान माणसं बैलगाड्यांत संसार भरून दक्षिणेकडे पळाली. या युद्धाच्या गोष्टीत ती गाड्यांची रांग फार कमी वेळा दिसते, म्हणून ती इथं मुद्दाम सांगितली.

३ मार्च १८७८ला रशिया आणि तुर्कांमध्ये सान स्तेफानोचा तह झाला, त्यात बल्गेरियाला स्वायत्तता मिळाली. बल्गेरियात आजही तो दिवस राष्ट्रीय सण आहे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये बड्या सत्तांनी नकाशा पुन्हा कापला.

वेरेश्चागिन स्वतः या युद्धात जखमी झाला. त्याचा धाकटा भाऊ सेर्गेई बल्गेरियातल्याच प्लेव्हना शहरावरच्या हल्ल्यात मारला गेला.

युद्ध संपल्यावर त्यानं तो पहारेकरी रंगवायला घेतला.